हिरव्या यादीतली गावं

लातूरच्या बसस्थानकावरून सकाळची नांदेड गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, पाण्याची बाटली, कंपनीने दिलेला मोबाइल आणि सोळा गावांची यादी होती. काम सोपं आहे, असं ऑफिसात सांगितलं होतं. ग्रामपंचायतींमध्ये इंटरनेटच्या पेट्या बसवून झाल्या आहेत, त्या जागेवर आहेत का ते बघायचं, फोटो काढायचा, मोबाइलमधल्या ॲपवर तीन प्रश्नांची उत्तरं भरायची. पेटी बसवली आहे का? पेटीवरचा दिवा लागतो का? फोटो काढला का? तिन्हींना हो म्हटलं की गाव यादीत हिरवं होतं.

मी आमच्या व्यवस्थापकांना निघायच्या आदल्या दिवशी विचारलं होतं, "सर, नेट चालतं का, हा प्रश्न कुठं आहे?"

"तो आपल्या कामात येत नाही," ते म्हणाले. "आपण पेटी बघायची."

तेव्हा मला राग आला नाही, हे कबूल करते. मी कंत्राटावर काम करणारी बाई आहे. अशी सर्वेक्षणं मी बरीच वर्षं करते आहे. शौचालयं मोजली, हातपंप मोजले. जे विचारलं तेवढं लिहायचं, ही सवय अंगात मुरलेली.

अहमदपूर, लोहा करत गाडी दुपारी नांदेडला पोचली. तिथून नायगाव. नायगाव तालुक्यातलं पहिलं गाव रस्त्यालगत होतं. ग्रामपंचायतीचं कुलूप उघडायला ग्रामसेवक जेवण सोडून आले. पेटी कपाटात होती, लेझमांच्या जुडीखाली. त्यांनी ती बाहेर काढून फडक्याने पुसली, वायर प्लगात खोचली. हिरवा दिवा लागला.

"याच्यावर काही चालतं का?" मी विचारलं.

"दिवा लागतो," ते म्हणाले, आणि दोघंही जरा हसलो. मी हो, हो, हो भरलं. गाव हिरवं झालं. ते हसू आठवलं की आज मला माझीच लाज वाटते.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी हदगाव. हदगावच्या बाजारात सोयाबीनच्या गाड्या लागल्या होत्या आणि स्थानकासमोरच्या हॉटेलात मिरचीची भजी तळली जात होती. पेटीवाल्या ठेकेदार कंपनीचा एक अभियंता तिथे मोटारसायकल घेऊन माझी वाट बघत होता. त्याने मला आठेक किलोमीटरवरच्या गावात नेलं. तिथली ग्रामपंचायतीची वीज तोडलेली होती. ते त्याला आधीच माहीत होतं, कारण येताना त्याने बॅटरी बरोबर आणली होती. पेटी बॅटरीला जोडली, दिवा लागला.

"काढा फोटो, मॅडम."

मी काढला. तेही गाव हिरवं झालं. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

हदगावला परत आले ते कागदांच्या प्रती काढायला. स्थानकाजवळच्या गल्लीत युसूफभाईंचं ऑनलाइन अर्ज भरून देणारं दुकान आहे. त्यांच्या वडिलांचं याच जागेत शिवणकामाचं दुकान होतं. भिंतीवर कात्रीचा खिळा अजून आहे. आत दोन संगणक, आणि बाहेर चपलांचा ढीग. बाकावर म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, शाळेच्या दाखल्याच्या पिशव्या. मी यादी काढून सहज विचारत गेले, कोण कुठल्या गावचं. एकेक नाव माझ्या यादीत सापडत होतं. हिरवी झालेली, हिरवी व्हायची, सगळी गावं या बाकावर येऊन बसली होती.

त्यात एक मुलगी होती, मनीषा. बरोबर तिची आई. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला आल्या होत्या. युसूफभाईंनी संकेतस्थळ उघडलं, थोडा वेळ बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"बेटा, काल संध्याकाळी बंद झालं हे."

मनीषा पडद्याकडे वाकली. तिची आईच बोलली. "तीन दिस झाले, ही शेताच्या बांधावर मोबाइल धरून उभी ऱ्हायली. तिथं येतं म्हणून. नंबर मागते मशीन, आन नंबर येईस्तोवर टाइम संपते. परवा म्हणलं उद्या हदगावला जाऊ. गाडी भेटली न्हाई काल."

"कुठलं गाव तुमचं?" मी विचारलं.

तिने नाव सांगितलं. मी सकाळी बॅटरीवर हिरवं केलेलं गाव होतं ते.

"पुढच्या वर्षी भरता येईल," मी म्हणाले. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"पुढच्या सालापर्यंत कोण थांबून ऱ्हायलंय, बाई," आई म्हणाली. "तिच्या सोयरिकीचं बोलणं चालू हाय. तिचे बाप म्हणले होते, नंबर लागला तर शिकू दे."

मनीषाने कागद नीट जुळवून प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीचं तोंड दुमडलं. दोघी निघाल्या. युसूफभाई मागून ओरडले की रिकाम्या जागांची फेरी असते, फोन करतो. तिने मान हलवली. फोन लागणार कसा, हे तिघांनाही माहीत होतं.

युसूफभाईंनी मला चहा पाजला. मी कशासाठी हिंडते आहे, ते त्यांना एव्हाना कळलं होतं. "मॅडम," ते म्हणाले, "तिकडं नेट न्हाई म्हणून माझी दुकान चालते. मला तर फायदाच हाय. पण खरं सांगू का, लई गुस्सा येतो. त्यांच्या नावावर वायर आली, त्यांच्या नावावर पेटी आली, आन लोक आजबी एसटीनं येऊन माझ्या पायरीवर बसून ऱ्हायलेत. तुमी काय लिहून ऱ्हायले त्यात?"

"दिवा लागतो, असं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाईट बोलले नाहीत. तो चहा मात्र मला संपवता आला नाही.

माहूरची गाडी पैनगंगेचा पूल ओलांडून पलीकडे आली की मुलूख बदलतो. सपाट काळी रानं संपतात, सागाची झाडं आणि डोंगर सुरू होतात. एरवी या रस्त्याने मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी मनात एकच चाललं होतं: तो बॅटरी घेऊन आला होता. म्हणजे त्याला माहीत होतं, आणि त्याला पाठवणाऱ्यालाही माहीत होतं. आणि मी फोटो काढला होता.

माहूरला संध्याकाळी रेणुकामातेच्या गडावर गेले. पायऱ्यांवर भाविकांची गर्दी, तांबूल (विडा कुटून केलेला देवीचा प्रसाद) कुटायचा ठकठक आवाज. प्रत्येक टपरीवर मोबाइलने पैसे द्यायची पाटी. माझ्या पुढे एक कुटुंब परदेशातल्या नातवाला मोबाइलवरून देवीचा कळस दाखवत होतं. चित्र काचेसारखं स्वच्छ. मी तांबूल तोंडात टाकला आणि प्रसादाच्या दुकानदाराला विचारलं, उद्या मला पळसतांड्याला जायचंय, कुठं आला तो? (गावाचं खरं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना पुढेही तिथेच राहायचं आहे.) त्याने समोरच्या डोंगराकडे हात केला. "त्या सोंडेच्या मागं. इथून दिसत न्हाई. तिथं रेंज न्हाई बघा."

सकाळी जीप डांबरी रस्त्यावर सोडून गेली. रस्त्याला लागून भल्यामोठ्या शेतात मोबाइलचा टॉवर उभा होता, कुंपण घातलेला. आसपास घर एकही नाही. तिथून दीड तास चालत पळसतांडा. बंजारा समाजाची वस्ती, साठ-सत्तर घरं. वाटेत ओढ्यापाशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी एक चप्पल हातात घेऊनच गावात शिरले. सरपंच कमलाबाई राठोड दारात ज्वारी पाखडत होत्या. पन्नाशीच्या, उंच, आवाज भरदार. त्यांनी आधी माझी चप्पल घेतली, सुतळीने बांधून दिली आणि मग विचारलं, "कोण तुमी?"

मी सांगितलं.

"पेटी पाहाले आल्या. या."

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेटी पक्की बसवलेली होती. सौरदिवा होता, त्याच्या बॅटरीला ती जोडलेली. हिरवा दिवा लागत होता. पेटीतून निघालेली काळी वायर खिडकीतून बाहेर जात होती. कमलाबाई मला बाहेर घेऊन गेल्या. खिडकीखाली, भिंतीच्या बुडाशी वायरचं वेटोळं पडलं होतं आणि तिचं टोक प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं होतं. पुढे काही नव्हतं. गवत होतं.

"चर खणत आले ते ओढ्यापावतर," त्या म्हणाल्या. "ओढ्यापासी मशीन माघारी गेली. मग येक माणूस मोटारसायकलवर पेटी घेऊन आला आन लावून गेला. फोटो काढला. तुमी काढून ऱ्हायल्या तसाच."

मी मोबाइल खाली केला.

त्यांच्याकडे फाइल होती. टॉवरसाठी केलेले तीन अर्ज, एकाखाली एक. तिन्हींना उत्तर तेच: आपलं गाव जोडलेल्या गावांच्या यादीत असल्यामुळे मागणी निकाली काढली आहे. तो टॉवर, जो मी रस्त्यावर पाहिला, तोही आधी तांड्यातल्या शाळेमागच्या गायरानावर व्हायचा होता. माणसं येऊन खुणा करून गेली होती. मग तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या शेतात तो गेला. मधे डोंगराची सोंड आहे, त्यामुळे तांड्यात त्याचा काडीचा उपयोग नाही.

"इलेक्शनच्या टायमाला त्यायचीच जीप आली होती," कमलाबाई म्हणाल्या. "इंटरनेट कोणाले पायजे, हात वर करा म्हणे. आमी सगळ्यायनं हात वर केले."

त्यांच्या सुनेने ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. मी जेवत असतानाच बाहेर गलका झाला. त्या दिवशी रेशन होतं.

रेशन घ्यायला अंगठा लावावा लागतो, आणि अंगठ्याच्या मशीनला नेट लागतं. नेट तांड्यामागच्या टेकडीच्या माथ्यावर येतं. म्हणून दुकानदार मशीन आणि छत्री घेऊन टेकडीवर जाऊन बसतो. लोक चढून जातात, अंगठा लावतात, चिठ्ठी घेऊन खाली येतात आणि खालच्या दुकानातून धान्य घेतात. दर महिन्याला. म्हातारे, गरोदर बाया, सगळे. वाट मुरमाची, पाय घसरणारी.

आम्ही चढू लागलो तेव्हा पुढे चार माणसं एक बाज खांद्यावर घेऊन चालली होती. मला वाटलं प्रेत आहे. जवळ गेले तेव्हा बाजेवरच्या बाईने डोळे उघडले.

"झिमायाडी," कमलाबाई म्हणाल्या. (याडी म्हणजे आई.) "मागच्या महिन्यात अंगठा लावून उतरताना पडली. खुबा मोडला. एकटी हाय, कार्ड तिचं एकटीचं. तिचाच अंगठा लागते."

तर ज्या टेकडीवर पडून तिचं हाड मोडलं, त्याच टेकडीवर मोडक्या हाडासकट तिला वर नेत होते, गहू-तांदळासाठी. तिचा भाचा, दोन शेजारी आणि शाळेचे मास्तर. चढ आला की पायथ्याकडचे दोघं बाज डोक्याइतकी वर उचलत, तरी ती घसरे आणि ओठ दाबून धरी. मी एका बाजूने कड धरली. माझा उपयोग फारसा नव्हता.

माथ्यावर दुकानदाराने छत्री तिच्यावर धरली. पहिल्यांदा अंगठा जुळला नाही. दुसऱ्यांदा नेट गेलं. त्याने मशीन डोक्यावर धरून चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे केलं. तिचा अंगठा पदराने पुसून, दाबून पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मशीन वाजलं आणि चिठ्ठी निघाली.

"वहीवर सही घेऊन का देत नाही तुम्ही?" मी दुकानदाराला म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"माझ्यावर नका चिडू, मॅडम," तो म्हणाला. "वहीवर द्यायची सवलत नेट नसलेल्या गावाले हाय. हे गाव नेटचं हाय. यादीत पाहा. मी वहीवर देल्लं तर उद्या माझं दुकान जाईल."

झिमायाडीने मला जवळ बोलावलं. "तू मशीनवाली हाय का?"

"नाही. मी यादीवाली आहे."

तिला ते कळलं नसावं. ती म्हणाली, "यायले सांग, उतरताना हळू न्या म्हणा."

ती खाली गेल्यावर मी माथ्यावरच बसले. मोबाइलमध्ये दोन रेघा रेंज होती. ॲप उघडलं. पेटी बसवली आहे का, इथे मी मुद्दाम "नाही" दाबलं. ॲपने कारण विचारलं: वीज नाही, पेटी चोरीला गेली, कार्यालय बंद. वायर गावापर्यंत आलीच नाही, असं कारण त्यात नव्हतं. ज्याने हा फॉर्म बनवला, त्याला हे सुचलं नसेल यावर माझा विश्वास नाही. मी शेरा लिहायच्या रकान्यात सगळं लिहिलं आणि बांधून ठेवलेल्या त्या टोकाचा फोटो जोडला.

दहा मिनिटांत व्यवस्थापकांचा फोन आला. "अहो, लाल का केलंत? पेटी नाही का?"

"पेटी आहे. पुढे वायर नाही."

"दिवा लागतो का?"

"लागतो."

"मग झालं. हो भरा आणि पुढच्या गावाला निघा. लाल गेलं की वरून विचारणा होते, ठेकेदाराचं काम अडतं, पुढचं कंत्राट अडतं. तुम्हाला कशाला नसते उद्योग?"

"सर, एका बाईला बाजेवरून टेकडीवर आणलं होतं आत्ता. खुबा मोडलेल्या बाईला."

"वाईट आहे," ते म्हणाले. "पण ते पुरवठा विभागाचं झालं ना."

मी फोन बंद केला. उरलेल्या गावांना मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी माहूरहून नांदेडची गाडी धरली. नांदेडला लातूरची बस लागायला वेळ होता, म्हणून फलाटावर बसून यादी उघडली. पळसतांडा हिरवं होतं. तपासणी करणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव. माझा फोटो काढून टाकलेला, त्या जागी कोणत्यातरी भलत्याच भिंतीवरची पेटी. मी न गेलेली गावंसुद्धा हिरवी झाली होती, तीही माझ्याच नावावर.

लातूरला उतरून घरी न जाता तशीच ऑफिसात गेले. माझं नाव काढा, मी म्हणाले. तांत्रिक अडचण आहे, व्यवस्थापक म्हणाले. मग पुन्हा लाल करा, मी म्हणाले. कंत्राट संपलं असं समजा, ते म्हणाले. मोबाइल जमा करून घेतला. तांड्यात काढलेले फोटो मी आधीच स्वतःच्या फोनवर घेतले होते, तेवढी अक्कल नशिबाने शाबूत होती.

मग मी साध्या कागदावर निवेदन लिहिलं. कुठल्या दिवशी कुठल्या गावी गेले, काय पाहिलं, काय भरलं, काय बदललं गेलं. नायगावची लेझमांखालची पेटी आणि हदगावची बॅटरी हेही लिहिलं, आणि ही गावं मीच खोटी हिरवी केली हेही. ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. खाली सही केली, फोटो जोडले. एक प्रत जिल्हा कार्यालयाला आणि एक कमलाबाईंना टपालाने पाठवली. टपाल तांड्यापर्यंत जातं. पोस्टमन ते स्वतःच्या पायाने नेतो.

जिल्हा कार्यालयाकडून मला पोच आली, बाकी काही नाही. कमलाबाई मात्र माझा कागद घेऊन तहसीलला गेल्या. एकट्या नाही, झिमायाडीला त्याच बाजेवर घेऊन, सगळा तांडा बरोबर. बाज कार्यालयाच्या व्हरांड्यात ठेवली आणि साहेब बाहेर येईपर्यंत उचलली नाही. त्यांचा फोन आला तेव्हा मागे वारा घोंघावत होता.

"वहीवर रेशन द्याचा कागद भेटला," त्या म्हणाल्या. "आता टेकडी चढाचं काम न्हाई. तीन महिन्यासाठी हाय. मग पुन्हा पाहू म्हणे."

"आणि नेट?"

"नेट कायचं येते. यादीत अजून हिरवंच हाय ते." आणि पुढे म्हणाल्या, "तुमचं काम गेलं म्हणे."

"गेलं."

"या मग इकडं चार दिस. आंबाडी लई हाय औंदा."

मनीषाचं लग्न ठरलं, हे युसूफभाईंकडून कळलं. रिकाम्या जागांच्या फेरीच्या दिवशी त्यांनी सकाळपासून तिला फोन लावला होता. दुपारी दुकान बंद करून मोटारसायकलवर तिच्या गावी गेले. तोवर ती आईबरोबर कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेली होती. त्या गावी पोचून तिला घेऊन येईपर्यंत फेरी संपली. हे सांगताना ते एकदाही ओरडले नाहीत, पण सलाम न करताच त्यांनी फोन ठेवला.

प्रवास कसा झाला, असं लातुरात लोक विचारतात. गड सुंदर आहे, रान सुंदर आहे, माणसांनी परक्या बाईची चप्पल बांधून दिली, जेवू घातलं. हे सगळं खरं आहे. पण मला आठवत राहतो तो माझ्याच हातातला मोबाइल आणि त्यातले ते तीन प्रश्न. कुणीतरी थंड खोलीत बसून ते ठरवले. नेट पोचलं का, हे विचारायचं नाही, असंही कुणीतरी ठरवलं. आणि माझ्यासारख्या पोटासाठी फिरणाऱ्या माणसांनी ते निमूट भरले, म्हणून नेट नसलेलं गाव नेट मागायलाही मोकळं राहिलं नाही. नसणं वेगळं, पण नसताना आहे म्हणून लिहून ठेवणं, आणि मग मागायला आलेल्याला तेच दाखवून परत पाठवणं, हे मला चोरीहून वाईट वाटतं.

ही यादी सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. तुमच्याकडे नेट असेल तर आज उघडा. आपल्या तालुक्यातलं एखादं हिरवं गाव निवडा, रविवारी तिथे जा, आणि पेटीतून निघालेली वायर हाताने धरून ती कुठवर जाते ते बघून या.